अंगणातला धुम्या

मुलाखतीला जाताना मी पदार्थविज्ञानाची सूत्रं एसटीत बसून पुन्हा एकदा पाठ केली. अंगावर शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी दिलेला शर्ट होता. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळं नोकरी लागणं ही माझ्या एकट्याची गोष्ट नव्हती. मुरगूडच्या स्टँडवर आई, आबा आणि गल्लीतली निम्मी माणसं मला सोडायला आली होती. आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, तेही आले होते, पण ते रसवंतीच्या आडोशाला वेगळे उभे होते. आबांचा आणि त्यांचा अबोला होता.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मुलाखत कोल्हापुरात, कसबा बावड्याला होती. साखर कारखान्याच्या मागं नवी घरं उठत होती, त्यातला एक बंगला एका संशोधन केंद्रानं भाड्यानं घेतला होता. टेबलापलीकडं केंद्राचे प्रमुख बसले होते. त्यांना मी पुढं कायम सर म्हणत आलो. ते मूळचे बंगळूरचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. शेजारी मॅडम होत्या, मोजमापाचं काम त्यांच्याकडं होतं. सूत्रं कुणीच विचारली नाहीत.

"आपल्या गृही कोणाचे कोणाशी संभाषण बंद आहे काय?" सरांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "हो सर. वडिलांचं आणि चुलत्यांचं."

"केव्हापासून?"

"मी हायस्कूलला जायच्या आधीपासून."

दोघांच्याही माना वर झाल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "मग त्या दोघांच्या मध्ये काही बसलेलं आहे का?"

"बसलंय की. अंगणात."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. मला तिथल्या तिथं प्रकल्प सहायक म्हणून घेतलं. माझ्या गुणांमुळं घेतलं असं मला वाटत होतं, आणि बरेच दिवस वाटत राहिलं.

आता हे नीट सांगायला हवं. राग मनात ठेवून ठेवून शिळा झाला की त्याला अंग फुटतं. गावाकडं त्याला धुम्या म्हणत. केंद्रात त्याचं नाव भावदेही होतं. सरांचं म्हणणं असं, की हे जीव मुळात दुसऱ्या लोकातले. त्यांना देह नसतो. मुक्कामाला आलेला पाहुणा यजमानाचं धोतर मागून नेसतो, तसे ते आपली भावना नेसून बसतात. मॅडमना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते दुसरा लोक वगैरे काही नाही, तापलेल्या दुधावर साय धरते तशी ही भावनेवरची साय. या विषयावर त्या दोघांचं रोज बोलणं व्हायचं, आणि ते इतकं सभ्य असायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, एकमेकांची विचारपूस चालली आहे.

केंद्राची अडचण वेगळीच होती. कोल्हापूर निवडलं होतं ते इथली माणसं रागीट आहेत असं ऐकून. पण आमच्याकडं राग टिकत नाही. माणूस रस्त्यात गाडी आडवी लावतो, आईबापाचा उद्धार करतो, चार माणसं गोळा होतात, आणि पाच मिनिटांनी तो त्याच माणसाबरोबर मिसळ खात असतो. धुम्या धरायला राग तोंडाबाहेर न पडता मुरावा लागतो. सर आणि मॅडम शहरभर काचेच्या बरण्या घेऊन फिरले होते. हाती काही लागलं नव्हतं. म्हणून आमच्या अंगणाचं एवढं अप्रूप.

आमच्या धुम्याचा जन्म जत्रेत झाला. माझ्या ताईचं लग्न झाल्यावर तिच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जत्रेला जेवायला आली होती. बोकड कापला होता, अंगणात मोठ्या पातेल्यांत आबा आणि तात्यांनी मिळून केलेला रस्सा रटरटत होता. पंगत बसली. पाहुण्यांनी पहिला भुरका मारला आणि सगळे एकमेकांकडं बघू लागले. तात्या वाढत होते. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यांदा म्हणाले, "रश्श्यात मीठच न्हाय!"

आबांचा चेहरा उतरला. ते काहीच बोलले नाहीत. आमच्याकडं माणूस बोलला नाही की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. जत्रा उलगडली, पाहुणे गेले, आणि काही आठवड्यांनी आमच्या आणि तात्यांच्या दारांच्या बरोबर मध्ये एक काळपट गोळा बसलेला दिसला. आधी कोंबडीएवढा होता. मी कॉलेजात जाईपर्यंत रेडकाएवढा झाला. तव्याच्या बुडासारखा रंग, डोळे नाहीत, तोंड नाही, अंग गरम. कुणाला काही करायचा नाही. आई त्याच्या पाठीवर पापड वाळवायची. पावसाळ्यात माझी शाळेची चड्डी त्याच्यावरच वाळायची. तात्यांचं मांजर त्याला टेकून झोपायचं. मला लहानपणी वाटायचं, प्रत्येक घरात असा एक असतो, जशी तुळस असते.

तो बावड्याला आणायचा हे सोपं काम नव्हतं. धुम्या आबा आणि तात्या यांच्या मधोमधच राहायचा. एक हलला की तोही तेवढा सरकायचा. शेवटी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आबांना बसवलं, मागच्या फळीवर तात्यांना, आणि मध्ये हौद्यात धुम्या. वाटेत नाक्यावर पोलिसानं टेम्पो थांबवला.

"काय हाय ह्यात?"

"राग हाय," ड्रायव्हर म्हणाला.

पोलिसानं हात लावून बघितला, चटका बसल्यासारखा मागं घेतला आणि म्हणाला, "जावा. आमच्या घरात ह्याच्यापेक्षा मोठा हाय." मागून मोटारीनं येणाऱ्या मॅडम त्याचा पत्ता विचारायला उतरल्या, पण तो लाजून निघून गेला.

केंद्रात खोलीचं दार लावून ठेवल्यावर धुम्या जागेवर राहिला, पण रोडावू लागला. त्याला दोघं भाऊ समोर लागत. सरांनी ठरवलं, दर गुरुवारी दोघांनी यायचं, एका बाकाच्या दोन टोकांना बसायचं, मध्ये धुम्या, आणि तासभर एकमेकांकडं बघायचं. बोलायचं नाही, एवढाच नियम. बोलल्यानं वाफ जाते, असं मॅडम म्हणत. आबा धुतलेला पटका बांधून येत. मुलाच्या ऑफिसात आपल्याला काम आहे, याचा त्यांना कोण अभिमान! एसटीत अनोळखी माणसालाही सांगत, "पोरगा शास्त्रज्ञ हाय. मी बी तिकडंच असतो बिस्तरवारी."

माझी नोकरी तात्पुरती होती. कारखान्याच्या गळीत हंगामात दिल्लीहून एक समिती येणार होती. तिनं जिवंत, धष्टपुष्ट भावदेही पाहिला की केंद्र पुढं चालणार आणि मला कायम करणार, असं सरांनी मला बोलावून सांगितलं. त्या दिवशी मी टेलिफोन बूथवरून मुरगूडला शेजाऱ्यांकडं फोन केला आणि आईला फोनवर बोलावून हे ऐकवलं. तिनं आधी ते शेजारणीला मोठ्यानं सांगितलं. मग म्हणाली, "गुरुजींच्या पाया पडून ये."

आणि पुढच्याच गुरुवारी मी चहा केला.

घरची वडीलधारी माणसं येतात, तासभर बसतात आणि त्यांना घोटभर चहा नाही, हे मला आधीपासूनच खुपत होतं. मॅडमची परवानगी काढली. त्याही मदतीला आल्या. प्रयोगशाळेच्या बर्नरवर पातेलं ठेवलं, मी आलं ठेचलं, मॅडमनी दूध ओतलं. कप बशीत ठेवून दोघांना दिले.

तात्यांनी बशीतून एक घोट घेतला. आबांनी घेतला. दोघांनी एकदमच तोंड वाकडं केलं.

"साखर न्हाय," तात्या भिंतीला म्हणाले.

खिडकीबाहेर कारखान्याची चिमणी धूर सोडत होती, सगळ्या बावड्यावर मळीचा वास होता, आणि आमच्या चहात साखर नव्हती. मी मॅडमकडं बघितलं. "मला वाटलं तुम्ही घातली."

"मला वाटलं तुम्ही घातली," मॅडम म्हणाल्या.

मधल्या धुम्यातून चुलीवरून भांडं उतरवल्यावर येतो तसा बारीक आवाज आला. आबा आधी मॅडमकडं, मग माझ्याकडं आणि मग समोरच्या भिंतीकडं बघत राहिले.

"असंच झालतं की," ते भिंतीला म्हणाले. "मला वाटलं, धाकट्यानं घातलं."

"मला वाटलं, दादानं घातलं," तात्याही भिंतीलाच म्हणाले.

"चुलीपाशी तू हुतास की रं."

"मी लाकडं सारत हुतो. मिठाचा डबा तुझ्याकडं हुता."

"मग पंगतीआधी चाखून बघायचं न्हाईस व्हय?"

तात्या पहिल्यांदा आबांकडं वळले. "तुझ्या आधी कसं चाखू, दादा?"

आबांनी पटक्याच्या शेवानं नाक पुसलं. मॅडम पळत जाऊन सरांना घेऊन आल्या, पण तोवर धुम्या शेळीएवढा झाला होता. सर गुडघ्यावर बसून त्याला म्हणाले, "कृपया धीर धरावा." तो आणखी आकसला.

मी दोघांना बाहेर नेऊन समिती, केंद्र, कायमची नोकरी, सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी आम्ही बोललो तर तुझी नोकरी जाणार?" आबांनी विचारलं.

"तसंच दिसतंय."

"मग न्हाय बोलत," तात्या म्हणाले. "त्यात काय अवघड हाय? एवढी वर्सं न्हाय बोललो फुकाट, आता पोरासाठी न्हाय बोलत."

"गप तू," आबा म्हणाले. "आत्तापास्नं."

पण ते जमेना. परतीच्या एसटीत वेगवेगळे बसले, आणि उतरताना तात्यांनी आबांची पिशवी घेतली. मग समितीपुढं खोटं भांडण करायचं ठरलं. आईचा फोन आला, "सकाळी दोघं गोठ्यात बसून शिव्या जुळवत्यात. ह्यो म्हणतोय, 'तू मला बैल म्हण,' आणि त्यो म्हणतोय, 'बैल लई हलकं हुतंय दादा, रेडा म्हणतो.' मला हसून हसून म्हशीची धार काढता येईना."

समिती आली तेव्हा धुम्या मांजराएवढा उरला होता. मॅडमनी त्याला चौरंगावर बसवून मागून दिवा सोडला, म्हणजे सावली तरी मोठी पडावी. समितीचे अध्यक्ष पांढऱ्या भुवयांचे, अतिशय शांत गृहस्थ होते. त्यांना मराठी येत नव्हती. आबा आणि तात्या बाकाच्या दोन टोकांना बसले आणि मी मान हलवताच सुरू झाले.

"तुझ्या टकुऱ्यात शेण भरलंय!" आबा गरजले.

सरांनी अध्यक्षांच्या कानात भाषांतर केलं. ज्येष्ठ बंधूंच्या मते कनिष्ठ बंधूंच्या मस्तकात सेंद्रिय खत आहे.

"आणि तू रेडा! रेड्याचा रेडा!"

कनिष्ठ बंधूंना ज्येष्ठ बंधूंमध्ये महिषाची लक्षणं दिसतात, वंशपरंपरागत. अध्यक्षांनी मान डोलावली. तात्यांनी बाकावर हात आपटला, आबा उभे राहिले, पुन्हा बसले. आवाज रस्त्यावर जात होता. दारात बावड्याची माणसं जमली. एकानं मला विचारलं, "पावणं, हाणामारी हाय का नुसतंच?" धुम्या मात्र फुगेना.

आणि अशा ऐन रंगात आबांनी कमरेची चंची सोडली. तोंडानं तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालूच होता. हातानं तंबाखू काढली, चुना लावला, मळली, थापटली, निम्मी स्वतःच्या तोंडात टाकली आणि उरलेली निम्मी तात्यांच्या तळहातावर ठेवली. तात्या शिवी देता देता थांबले, तंबाखू दाढेला धरली, आणि बोबड्या आवाजात शिवी पुरी केली.

अध्यक्षांनी सरांना काहीतरी विचारलं. सर म्हणाले, "हो. सहसा वैरी असे करत नाहीत."

चौरंगाकडं पाहिलं तर उतू चाललेलं दूध फुंकर मारल्यावर खाली बसतं तसा धुम्या खाली बसत होता. मग नुसता चौरंग राहिला. हात लावला तर लाकूड कोमट होतं.

अध्यक्षांनी मुदत दिली. गळीत हंगाम संपेपर्यंत नवा भावदेही मिळाला तर ठीक, नाहीतर केंद्र बंद.

आबा आणि तात्यांनी हे मनाला लावून घेतलं. आपण पोराची नोकरी घालवली, आता आपणच भांडण शोधून द्यायचं, असं ठरवून दोघं तात्यांच्या मोपेडवर बसून गावोगाव फिरू लागले. मागं बसलेल्या आबांच्या मांडीवर केंद्राची बरणी; लहान धुम्या तिच्यात झाकून आणता येतो, असं मॅडम म्हणत. कुणाच्याही दारात उभे राहून विचारायचे, "तुमच्यात जुनं भांडण हाय का शिल्लक? आमच्या पोराला पाहिजे."

उचगावात एक मिळालं. दोन साडू, लग्नात मागून नेलेला लाऊडस्पीकर फाटक्या भोंग्यानिशी परत आला म्हणून बोलत नव्हते. फाटकावर सशाएवढा धुम्या बसलेला, चांगला तेजदार. आबांनी बरणीचं झाकण काढलं. एवढ्यावर काम झालं असतं. पण आबांना राहवेना. "न्हेतो आम्ही ह्याला," ते म्हणाले, "पण झालतं काय ते तर सांगा की." साडूनं सांगायला सुरुवात केली. दुसरा साडू "खोटं बोलतंय" म्हणत बाहेर आला. तात्यांनी दोघांना खाटेवर बसवलं. दिवेलागणीला चौघं एकत्र जेवायला बसले होते, आणि बरणी रिकामी.

असंच सगळीकडं झालं. आबा बरणी घेऊन गेले की त्या गावातलं एकेक जुनं भांडण मिटायचं. लोक तर त्यांना मुद्दाम बोलवायला लागले. आबा दर वेळी पडलेल्या चेहऱ्यानं येऊन मला सांगायचे, "ते बी मिटलं रं."

मला काय करावं सुचेना. नोकरी जाणार हे दिसत होतं. एकदा सरांनी मला खोलीत बोलावून फार संकोचानं सुचवलं, "आपल्या तीर्थरूपांमुळे आपली हानी झाली आहे. आपण त्यांच्यावर किंचित रुष्ट होऊ शकाल काय? ते साठवता येईल." मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. दार लावून बसलो, नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवायचं ते आठवून बघितलं. पण आबांचा विचार आला की मला ते कॉलेजच्या आवारात चपला हातात धरून उभे असलेले दिसायचे. एवढ्या स्वच्छ फरशीवर चपला घालायच्या नसतात असं त्यांना वाटलं होतं. तास गेला. खोलीत काही उगवलं नाही. सरांनी बरणीत डोकावून पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

हंगाम संपला. चिमणीचा धूर थांबला आणि आम्ही सामान बांधायला घेतलं. सरांच्या आणि मॅडमच्या टेबलांच्या मध्ये एक लोखंडी कपाट होतं. ते हलवलं तर मागं काहीतरी पांढुरकं बसलेलं होतं. अंगानं म्हशीएवढं, हाताला फरशीसारखं गार. कपाट सरकवताना त्यानं आपणहून अंग चोरून जागा करून दिली.

सर आणि मॅडम दोन बाजूंनी वाकून त्याच्याकडं बघू लागले.

"हा आपल्या दोघांचा दिसतो," सर म्हणाले.

"असेलही, सर," मॅडम म्हणाल्या. "माझं मत थोडं निराळं आहे. पण असेलही."

तो आणखी वितभर वाढला.

समितीला तार गेली. अध्यक्ष स्वतः आले, आणि त्यांनी जाहीर केलं की एवढा मोठा, एवढा शुद्ध नमुना त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. त्यांचा निष्कर्ष असा निघाला, की अशिक्षित रागापेक्षा शिकलेल्या माणसांचा सौजन्यपूर्ण मतभेद हे भावदेहींचं खरं खाद्य आहे. त्यामुळं केंद्र कोल्हापुरात ठेवण्यात अर्थ नाही. ते पुण्याला हलवावं, तिथं शिकलेली माणसं मुबलक आहेत. सर आणि मॅडम दोघंही जाणार होतेच. प्रश्न होता, नोंदी घ्यायला त्या पांढऱ्याजवळ बसायचं कुणी. इतरांना त्याच्याजवळ हुडहुडी भरायची. मला काही होत नव्हतं. मला सरांचंही पटायचं आणि मॅडमचंही, आणि दोघांचेही उपकार वाटायचे. म्हणून मला कायम केलं.

पुण्याला निघायच्या दिवशी मुरगूडहून सगळे कोल्हापूरच्या स्टँडवर आले. आई पिठाचे लाडू घेऊन आली होती. केंद्राचं सामान आधीच ट्रकनं गेलं होतं. सर मला पोचवायला म्हणून आले आणि त्यांच्या हातात सवयीनं एक बरणी होती. गाडी लागली तशी झुंबड उडाली. आबा पुढच्या खिडकीकडं धावले आणि पटका आत टाकून त्यांनी माझ्यासाठी जागा धरली. त्याच वेळी तात्यांनी मागच्या खिडकीतून टॉवेल टाकून माझ्यासाठी दुसरी जागा धरली.

"हितं बसंल त्यो," आबा म्हणाले. "फुडं हादरं कमी बसत्यात."

"तितं उन येतंय दिसभर. मागं बसंल."

"मागं चाकावर बसवतोस व्हय पोराला?"

"तुला एसटीतलं काय कळतंय? तू आयुष्यात कोल्हापूरच्या फुडं गेलाईस का?"

"तू लई विलायतेस्नं आलाईस!"

आवाज चढले. आबा खरंच चिडले होते, तात्याही. गोठ्यातली तालीम यात कुठंच नव्हती. माणसं गोळा झाली, हमाल थांबले, एक बाई म्हणाली, "आगं बया, भाऊ भाऊ दिसत्यात की." सरांनी घाईघाईनं बरणीचं झाकण काढलं आणि ती दोघांच्या मध्ये धरली. शिव्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात होत्या. बरणी तशीच राहिली, स्वच्छ.

"ओ पावणं," कंडक्टर दारातून ओरडला, "भांडाण आटपा. गाडी सोडालोय."

मी सगळ्यांच्या पाया पडून आत चढलो. पुढच्या जागेवर पटका, मागच्या जागेवर टॉवेल. दोन्ही खिडक्यांतून त्यांच्या त्यांच्या वस्तू परत दिल्या. आबा पुढच्या खिडकीखाली उभे होते, तात्या मागच्या, आणि मी कुठं बसतो ते दोघंही टाचा उंच करून बघत होते.

गाडी स्टँडबाहेर पडली. पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत मी उभाच राहिलो.